पायाने लिहिलेला पेपर

माझी नात जेवायला बसली की पाय हलवते. खुर्चीवरून पाय जमिनीला टेकत नाहीत, तरी हवेतल्या हवेत चालूच. परवा माझी लेक तिच्यावर ओरडली, "किती वेळा सांगितलं, पाय हलवू नकोस!" तशी त्या चोंबड्या पोरीने टेबलाखाली वाकून बघितलं आणि जाहीर केलं, "आजीचा पण हलतोय."

लेकीने कपाळाला हात लावला. मी म्हटलं, "बाई, या पायाला नावं ठेवू नकोस. तुझ्या आईला डिग्री या पायाने मिळवून दिली." हे अर्धंच खरं होतं. त्याच पायाने ती डिग्री जवळजवळ घालवलीही होती. पण नातीसमोर सगळंच सांगायचं नसतं, थोडं कागदासाठी ठेवायचं असतं.

मी तशी लवकर आजी झाले, तेव्हा गोष्ट फार जुनी समजू नका. नव्वदच्या दशकातली आहे, सुरतेतली. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, खानदेशातून सुरतेला आले ते संचे चालवायला. संचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. पुस्तकात त्याला यंत्रमाग म्हणतात, पण आमच्या वस्तीत, पांडेसऱ्यात, कुणी यंत्रमाग म्हटलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, हा कुठला देव? आमच्या खोलीची मागची भिंत आणि संचेखात्याची भिंत एकच. पलीकडे संचे चालायचे आणि अलीकडे आमच्या मांडणीवरचे पेले हळूहळू चालत कडेला यायचे. माय येता-जाता त्यांना बोटाने मागे सारायची. न बघता, सहज, जशी दुसरी बाई खांद्यावरचा पदर सारते. खट-खटाक, खट-खटाक, सकाळ नाही की दुपार नाही. गावाकडचा पाहुणा आला की आधी कानात बोटं घालायचा, मग ओरडून बोलायला शिकायचा, आणि जरा शिकला की गावी परत जायचा.

माझा पाय त्या आवाजाला लागलेला होता. मी बसले की तो निघायचा. मायला ते बघवत नसे.

"पाय हालाडू नको वं! घरनी लक्ष्मी निंघी जाई."

आणि मी कॉलेजात अर्थशास्त्र घेतलं तेव्हा तर तिच्या टोमण्यांना सुगीच आली. ओट्यावरच्या बायकांना सांगायची, "देखा, सगळा देशना पैसा कोठे जास ते शिकी राहिनी, आनि घरनी लक्ष्मी पाय हालाडी हालाडी हाकली राहिनी!"

घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथे सगळ्यांना कळावं म्हणून आप्पांचं, माझं आणि पुढे येणाऱ्या काहींचं बोलणं मी सरळ करून लिहिणार आहे. मायचं सरळ करायची माझी हिंमत नाही, ती वरून ओरडेल.

शेवटच्या वर्षी मुख्य विषय निवडायचा होता. बाकीच्या मुली बँकिंगकडे धावल्या. ही बया कृषी अर्थशास्त्राकडे गेली. ही बया म्हणजे मीच, पण त्या पोरीला 'मी' म्हणायचं कधीकधी जड जातं. शेतीची ओढ वगैरे काही नव्हती. मायच्या पोटातून सुरतेत आलेली ती, ज्वारी आणि बाजरीतला फरक तिला भाकरी झाल्यावरच कळायचा. पण कुणीतरी सांगितलं होतं की या विषयात वर्गात कमी बसवतात, शेतं बघायला नेतात. एका जागी बसायला न लागणं, एवढीच तिची विषयाबद्दलची अपेक्षा.

नेलंही एकदा, चलथाणकडे, ऊस बघायला. सर बांधावर उभे राहून लागवडीखालच्या क्षेत्राबद्दल सांगत होते, आणि हिला उभं राहवेना म्हणून ही जरा पुढे, अजून जरा पुढे करत उसात शिरली आणि हरवली. ऊस माणसाच्या डोक्यावरून जातो हे पुस्तकात नव्हतं. चहूकडे सारखंच हिरवं. शेवटी तिने "सर!" म्हणून हाक मारली. आवाज संचेखात्याशी भांडून कमावलेला. सर तर आलेच, पलीकडच्या शेतातली माणसंही धावत आली, कुणाला साप चावला म्हणून.

तरी दिमाख केवढा! पहिला धडा वाचला आणि हिच्या अंगात अर्थशास्त्र आलं. घरात मीठ संपलं तेव्हा ही दारात उभी राहून मायला समजावते आहे की मिठाची मागणी ताठर असते, भाव वाढो की पडो, माणूस तेवढंच मीठ घेतो. मायने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग लई ये ना लवकर. भाजी चुलावर शे."

गल्लीत माझ्या विषयाची अजून एकच मुलगी होती. तिचे वडील रेल्वेच्या यार्डात कामाला. त्यांच्या घरात निळ्या कोटातला फोटो, फोटोपुढे रोज ताजं फूल, आणि फोटोखाली ती, पाठ ताठ ठेवून वाचत बसलेली. बसली की बसली. तिच्या घरी 'शिक' हा शब्द ताटात भाकरीच्या शेजारी वाढायचे. माझ्या घरी 'शिकते आहे तर शिकू दे' असं म्हणायचे. या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते मला तेव्हा कळत नव्हतं, तिला कळत होतं. ती मला 'भवरी' म्हणायची. "ए भवरी, एक पान तरी एका जागी वाच."

दुपारी आम्ही संचेखात्याच्या भिंतीला पाठ लावून ओट्यावर बसायचो. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने ऐकायचं. मोठ्याने म्हणजे ओरडूनच, नाहीतर शब्द संच्याखाली जायचा. पुस्तकं गुजराती, भांडण अहिराणीत आणि हिंदीत, आणि पाठीमागे भिंतीतून तो ठेका मणक्यात शिरायचा.

आमचा लाडका धडा होता कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धान्त. नाव भारी आहे, गोष्ट साधी आहे. यंदा एखाद्या पिकाला चांगला भाव मिळाला की पुढच्या हंगामात सगळे शेतकरी तेच पीक लावतात. मग माल इतका येतो की भाव पडतो. भाव पडला म्हणून त्याच्या पुढे कुणी ते लावत नाही, माल कमी येतो, भाव पुन्हा चढतो. कागदावर ही ये-जा रेघांनी काढली की कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. ते जाळं काढताना रेघ आधी कुठे जाते आणि मग कुठे वळते, यात अख्खा वर्ग गोंधळायचा. आम्ही नाही. आम्ही ती संच्यावर बसवली होती. सूत नेणारा धोटा इकडून तिकडे गेला, खट, भाव चढला. तिकडून इकडे आला, खटाक, पेरा वाढला. खट, भाव पडला. खटाक, पेरा घटला. डोळे मिटून काढायचो आम्ही ते जाळं.

आणि मग केळी आली.

म्हणजे स्थळ आलं. रावेरकडचा मुलगा, स्वतःची केळीची बाग, विहिरीला पाणी. आप्पा खूश. म्हणाले, "तू शेतीचं अर्थशास्त्र शिकतेस, तो शेती करतो. घरबसल्या प्रात्यक्षिक!"

"आप्पा, यंदा केळीला भाव आहे ना?"

"मग! म्हणून तर म्हणतोय."

"म्हणजे पुढच्या वर्षी सगळे केळीच लावणार. म्हणजे भाव पडणार. कोळ्याच्या जाळ्यात कशाला ढकलताय मला?"

आप्पांनी मायकडे बघितलं. माय म्हणाली, "आते देखा. आनखी शिकाडा."

मला त्या मुलाबद्दल काही वाईट म्हणायचं नव्हतं. मी त्याला पाहिलंही नव्हतं. पण बागेतली ती सावली, ते मोठं ओलसर पान, त्याखाली मी आयुष्यभर उभी, असं काहीतरी डोळ्यापुढे आलं आणि माझा पाय असा सुटला की ओट्यावरची परात वाजायला लागली. काय हवंय ते सांगता येत नव्हतं. ठरवायचं आपण, एवढं मात्र हवं होतं.

आप्पा आडमुठे नव्हते. सौदा करणारे होते. म्हणाले, "पहिल्या फटक्यात पास झालीस तर पुढचं तू ठरव, मी मध्ये तोंड घालणार नाही. नापास झालीस, नाहीतर कॉलेजात काही लफडं झालं, तर त्याच महिन्यात सुपारी फोडायची. कबूल?"

"कबूल," ही बया म्हणाली. नापास होण्याचा प्रश्नच नव्हता, आणि लफडं करायला आधी एका जागी थांबावं लागतं.

इथे जरा मागे जाऊन एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिथेच मला सगळं कळायला हवं होतं. आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना सुरतेत प्लेगची आवई उठली. गल्ली पटापट रिकामी झाली. संचे बंद पडले. निघताना मी मागच्या भिंतीला हात लावून बघितला, तर ती नुसतीच भिंत होती. मांडणीवरचे पेले होते तिथेच उभे. गाडीत तोंडाला रुमाल बांधून आम्ही गावी मामाकडे गेलो. तिथे ओसरीवर पुस्तक उघडलं तर अक्षरं डोळ्यांना दिसायची, पण आत जायची नाहीत. मला वाटलं, भीती. तेव्हा सगळ्यांनाच होती. मग परत आलो, संचे सुरू झाले, तेच पान उघडलं आणि ते सरळ आत उतरलं. तरी डोक्यात उजेड पडला नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने कार्यकारणभावावर उत्तरं लिहायची, ओळखायचा कशाला?

पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा आमच्याच कॉलेजात झाल्या होत्या. एका बाजूला संचेखाती, दुसऱ्या बाजूला रूळ. शेवटच्या वर्षी केंद्र बदललं. अठवा लाइन्सकडचं एक मोठं कॉलेज, झाडं, फरसबंदी, आणि पहिलाच पेपर कृषी अर्थशास्त्राचा. शेअर रिक्षातून उतरलो तेव्हा मैत्रीण म्हणाली, "किती शांत आहे ना? इथे मस्त लिहिता येईल."

तिचंही डोकं चालत नव्हतं म्हणायचं त्या दिवशी.

वर्गात शिरलो. पंखेसुद्धा संस्कारी, फिरत होते पण आवाज नाही. ती पुढच्या बाकावर, मी तिच्या मागे. पेपर हातात आला, वाचला, सगळं ओळखीचं. पेन उघडलं आणि लिहायला गेले तर आत काही नाही. कोरं. भूधारणा, सहकार, बाजार, एकेक शब्द दारात उभा, पण आत बोलवायला कुणी नाही. बाहेर एक कोकीळ ओरडत होती, तीसुद्धा थांबली. मला डोळ्यापुढे केळीचं पान दिसायला लागलं.

मग पाय निघाला. मी त्याला काढला नाही, तो आपणहून निघाला. चपलेची टाच फरशीवर. टक-टटाक, टक-टटाक. आणि शब्द भराभर आत आले. मी खाली मान घालून लिहीत सुटले. थोड्या वेळाने लक्षात आलं की ठेका जरा दाट वाजतोय. पुढच्या बाकाखाली बघितलं. पाठ तशीच ताठ, आणि खाली तिची टाच माझ्या टाचेबरोबर चाललेली. आयुष्यात कधी पाय न हलवलेली ती मुलगी! एका भिंतीला टेकून शिकलेल्या दोघी, दुसरं काय होणार.

"आ शुं चाले छे?"

सुपरवायझर बेन आमच्या दोघींच्या मध्ये उभ्या होत्या. चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, तो त्यांनी डोळ्यांवर चढवला आणि आधी माझ्या पायाकडे, मग तिच्या पायाकडे बघितलं.

"तार मोकलो छो एकबीजाने?"

एकमेकींना तार पाठवताय का! मी हसले. हसायला नको होतं. बेननी दोघींचे पेपर उचलले आणि आम्हाला केंद्राच्या साहेबांपुढे नेऊन उभं केलं.

साहेब बशीतून चहा पीत होते. अस्सल सुरती माणूस. सुरती माणसाच्या वाक्यात शिवी नसली तर वाक्य अर्धं राहतं, आणि समोर आम्ही मुली, त्यामुळे बिचारे अर्ध्या वाक्यांतच बोलत होते.

"काय खुणा चालल्या होत्या? एकदा टक म्हणजे काय, दोनदा टक म्हणजे काय?"

मी म्हटलं, "साहेब, खुणा नाहीत. संचा आहे."

"संचा? कुठे आहे संचा?"

"पांडेसऱ्यात."

"मग इथे कसा वाजतो?"

मी पायाकडे बघितलं. मैत्रीण भिंतीकडे बघत म्हणाली, "साहेब, तो हिच्या पायात आहे."

भिंतीवरच्या घड्याळाकडे माझे डोळे सारखे जात होते. वेळ आमचा चालला होता आणि पेपर बेनच्या हातात. कॉपीची केस झाली की परीक्षेला बसायची बंदी, हे आम्हाला माहीत होतं. माझी सुपारी फुटणार. आणि तिचं? तिच्या वडिलांनी यार्डात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्या घरातली पहिली डिग्री येणार. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

साहेब म्हणाले, "दाखव वाजवून."

झाली ना पंचाईत! जन्मभर ज्याला थांबवता आलं नाही तो पाय मेल्यासारखा पडून राहिला. मी टाच आपटली तर नुसतंच धप. पुन्हा आपटली, पुन्हा धप. बेन म्हणाल्या, "जुओ! खोटुं बोले छे." मग साहेबांनी काय विचार केला कोण जाणे, माझा पेपर माझ्यापुढे सरकवला. "वाच. मोठ्याने."

मी वाचायला लागले. पहिला प्रश्न संपला नाही तोच टाच लागली. टक-टटाक. शेजारी भिंतीकडे तोंड करून उभी असलेली मैत्रीण, तिचीही लागली. आणि साहेबांचं बोट बशीच्या कडेवर वाजलं, एकदा, दोनदा. त्यांनी ते पटकन आत घेतलं. सुरतेत कुणाच्या घरामागे संचा नव्हता हो!

बेनकडे बघून ते म्हणाले, "याची केस करायची तर निम्म्या उधना-पांडेसऱ्याची करावी लागेल." बेनना ते मुळीच पटलं नाही. नियम म्हणजे नियम. शेवटी तोडगा निघाला. मैत्रिणीने वर्गात परत जायचं, मी बाहेर, मागच्या अंगणात, शिपायाच्या डोळ्यांसमोर बसून लिहायचं. "आणि पुन्हा कुठूनही टकटक ऐकू आली," साहेबांनी बोट उगारलं, "तर दोघींची केस. एकत्र."

दारात मैत्रीण माझ्या कानाशी आली. मला वाटलं धीर देईल. म्हणाली, "तुझा पाय बांधून ठेव. नाहीतर मी तोडीन."

मागचं अंगण म्हणजे पाण्याच्या पंपाची खोली, एक लिंबाचं झाड आणि एक डुगडुगतं टेबल. स्टुलावर पिकल्या मिशांचा एक शिपाई. आणि पंप चालू! मोटर म्हातारी, तिच्या वरचा पत्रा सुटलेला. खड-खडाक, खड-खडाक. संच्याइतका सुरेल नाही, पण दूरच्या नात्यातला म्हणायला हरकत नाही. मी टेबलाशी बसले आणि पेनाने जी धाव घेतली ती घेतलीच. भूधारणा झाली, सहकार झाला, बाजारपेठा झाल्या. पाय पत्र्याच्या आवाजात मिसळून चाललेला, बाहेर कुणाला ऐकू येणार? शिक्षा म्हणून बसवलं होतं मला तिथे, आणि मी मनातल्या मनात बेनना आशीर्वाद देत होते.

शेवटचा प्रश्न उघडला. कोळ्याचं जाळं, आकृतीसह. मी पट्टी काढली, आणि शिपाई उठला, आत गेला, खटका पाडला.

टाकी भरली होती.

असली शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. रेघ कुठून सुरू करायची? आधी उजवीकडे की आधी खाली? पाय फुरफुरायला लागला. मी डावा पाय उजव्यावर दाबून धरला. शिपायाला हुकूम होता, टकटक झाली की कळवायचं. आत वर्गात ती बिचारी पाठ ताठ करून माझ्या पायाच्या भरवशावर बसलेली. घड्याळ दिसत नव्हतं, ते बरंच होतं. माझ्या तोंडून नकळत निघालं, "माय वं! आते काय करू?"

शिपाई झटकन वळला. "कोनता गावनी शे तू?"

खानदेशी माणूस! आमच्याकडे घर जळत असलं तरी पाणी मारायच्या आधी गाव विचारतात. मी गाव सांगितलं. मग तालुका. मग बापाचं कूळ, मायचं माहेर. मायचं माहेर ऐकल्यावर त्याच्या मिशा हलल्या. त्याची चुलत बहीण त्याच गावात दिलेली. "मंग तू मनी भाचीच लागस ना वं!"

कुठलं नातं कुठे जोडलं देव जाणे, पण मी ते दोन्ही हातांनी धरलं.

"मामा, मोटर चालू करा ना."

"टाकी भरनी ना पोरी."

"भरू द्या."

"पानी उतू जाई."

"जाऊ द्या मामा. माले त्याबिगर लिखता येत नही."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं अंगात आलेल्या बाईकडे बघतात. भीती थोडी, मान थोडा. पण भाचीने तोंड उघडून मागितलं आणि मामाने नाही म्हटलं, असं खानदेशात होत नाही. झालं तर प्रत्येक लग्नात ते गाऱ्हाणं वाढलं जातं. तो उठला, खटका वर केला, स्टूल उचललं आणि माझ्याकडे पाठ करून फाटकाकडे तोंड करून बसला. "मी काही देखाच नही," झाडाला सांगितलं त्याने.

खड-खडाक. धोटा इकडून तिकडे गेला. खट, भाव चढला. खटाक, पेरा वाढला. रेघा आपोआप वळत गेल्या. उदाहरण म्हणून मी केळी घेतली. रावेरची बाग, विहिरीचं पाणी, यंदाचा भाव, पुढच्या हंगामातली पडझड, सगळं तपशीलवार. फक्त मुलाचं नाव घालायचं राहिलं.

वर टाकी उतू जायला लागली. पाणी गच्चीच्या कडेवरून ओघळून खालच्या वर्गाच्या खिडकीवरल्या पत्र्यावर पडायला लागलं, थाड-थाड-थाड. ती आमच्याच वर्गाची खिडकी. मैत्रिणीने मला नंतर सांगितलं, तोवर ती शेवटच्या प्रश्नावर पेन धरून नुसती बसून होती. पाय दोन्ही बाकाच्या दांड्यामागे अडकवलेले. पत्रा वाजायला लागला आणि तिचं पेन सुटलं. बेन खिडकीशी येऊन ओरडत होत्या, "टांकी! कोई टांकी बंध करो!" आणि फाटकाकडे तोंड करून बसलेला माझा मामा ठार बहिरा झाला होता. बेनची लुना खिडकीखालीच उभी होती. घंटा झाली तेव्हा तिच्या सीटवर तळं होतं.

पुढचे पेपर मी त्याच टेबलावर दिले. साहेबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मामा मोटरची वेळ माझ्या वेळेला जुळवून घ्यायचा.

पण निकालापर्यंतचा उन्हाळा! बेननी त्या दिवशी काहीतरी लिहून ठेवलं होतं, ते पुढे गेलं की फाटलं, कुणाला ठाऊक? घरात मी एक शब्द बोलले नव्हते. आप्पांच्या सौद्यात 'लफडं' हा शब्द स्पष्ट होता. मी ओट्यावर बसायचे, उठायचे, पाण्याला जायचे, हंडा न भरताच परत यायचे. मैत्रीण माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या खिडकीवरून गेलं की ती पडदा ओढायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रावेरहून केळीचा एक घड आला, नुसता, निरोप नाही काही नाही. मायने तो खुंटीला टांगला. संच्याच्या हादऱ्याने तो दिवसभर हळूहळू डुलायचा, आणि मी आत-बाहेर करताना दर वेळी तो माझ्याकडे बघायचा. पिकायलाही लागला हळूहळू. मी एकही केळं खाल्लं नाही. आप्पा दोन-दोन खायचे आणि म्हणायचे, "चव आहे हं."

निकाल कॉलेजच्या फळ्यावर लागला. गर्दीत मी मागून उड्या मारत होते. पुढून कुणीतरी माझा दंड धरून मला ओढलं. तीच. बोट फळ्यावर टेकवलेलं. तिचा फर्स्ट क्लास. मग तिचं बोट खाली गेलं, बरंच खाली, आणि थांबलं. मी सेकंड क्लास. पास. पहिल्या फटक्यात.

"ए भवरी," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी पहिला शब्द. मग तिने खाली बघितलं आणि हसली. आमच्या दोघींच्या टाचा चालू होत्या. भर गर्दीत, आणि अडवायला कुणी नव्हतं.

आप्पांनी शब्द पाळला. पेढे आणले आणि म्हणाले, "ठरव."

आता गंमत अशी की ठरवायचं काय, ते हिने अजून ठरवलंच नव्हतं! पण पोर सुटलेली होती, तिला थोपवणार कोण? तिने दिसेल तिथे अर्ज केले. रावेरला आप्पांनी नम्रपणे नाही कळवलं. आणि प्रामाणिकपणे सांगते, कोळ्याचं जाळं त्या माणसाला कधी लागलंच नाही. केळीचा भाव पडला असेल, चढला असेल, त्याने मात्र बाग वाढवत नेली, ठिबक आणलं, दोन मजली घर बांधलं. माझा सिद्धान्त परीक्षेपुरताच खरा होता. पुढे मी लग्न केलं ते एका सुरतेतच वाढलेल्या माणसाशी. तो घोरतो. हे आधी कळलं असतं तर लग्न आधीच केलं असतं.

अर्जांपैकी एक लागला, उसाच्या पट्ट्यात, एका कारखान्याच्या कचेरीत. कुठल्या गावाने किती ऊस लावला याची माहिती जमवायची, तक्ते करायचे. मोठे साहेब भले होते. म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या बाई आहात, आतल्या खोलीत टेबल देतो. पंखा आहे, शांत आहे."

मी विचारलं, "काट्याजवळ जागा नाही का?"

काटा म्हणजे उसाच्या गाड्या तोलतात ती जागा. ट्रॅक्टर, बैलगाड्या, ड्रायव्हरांच्या आरोळ्या, आणि पलीकडे अहोरात्र चालणारा ऊस गाळायचा घाणा. साहेबांनी माझ्याकडे मामाने बघितलं होतं तसंच बघितलं. "तिथे? तिथे तर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही!"

"तेच बरं," मी म्हटलं.

टेबल काट्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत लागलं. पहिल्या दिवशी कुणीतरी चहाचा ग्लास आणून ठेवला. मी तक्ता आखायला घेतला, टाच लागली. थोड्या वेळाने बघते तर घाण्याच्या हादऱ्याने ग्लास टेबलावरून हळूहळू चालत कडेला निघाला होता. मी न बघता बोटाने तो मागे सारला आणि लिहीत राहिले.